तीसपैकी अकरा

उलवे,
५ ऑगस्ट २०२४

आत्याआजी,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. मी तुला चार वेळा फोन केला. चारही वेळा तू "हां, हां, बरं हाय सगळं" म्हणून ठेवून दिलास. मी तुझं वय विचारत होते. शेवटी पप्पा म्हणाले, "आत्याला पत्र टाक. ती नर्स होती, कागद वाचल्याशिवाय बाजूला ठेवणार नाही."

तर मी आता एस.वाय.ला आहे. मुख्य विषयाबरोबर एक मायनर घ्यावा लागतो. मला मानसशास्त्र हवं होतं, त्याच्या जागा भरल्या. उरलं होतं वार्धक्यशास्त्र, म्हणजे म्हातारपणाचा अभ्यास. वर्गात आम्ही नऊ जण आहोत आणि नऊही दुसरीकडून हाकललेले. साक्षी तर घरी विषयाचं नावच सांगत नाही. तिची आई म्हणेल, म्हातारे बघायला कॉलेजात कशाला जायचं, घरात दोन आहेत.

सत्तरीपुढच्या एका व्यक्तीचा सेमिस्टरभर अभ्यास करायचाय. अशा व्यक्तीला प्रतिसादक म्हणतात. माझी प्रतिसादक तू. सोबत प्रश्नावली आहे. प्रश्न जरा बावळट आहेत हे मलाही कळतं, पण उत्तरं द्यावी लागतील. मी शब्द सोपे केलेत. काही अडलं तर शेजारच्या धर्माजीकाकांच्या सुनेला विचार, ती बारावी झालीय.

तुझी,
हेमाली


रेवस,
१४ ऑगस्ट २०२४

चि. हेमाली,

आशीर्वाद घे आणि प्रश्नावली परत घे.

धर्माजीच्या सुनेला विचारू म्हणतेस. त्या सुनेची नाळ मी कापली, तिच्या पोराचीही मीच. उपकेंद्रात चौतीस वर्षं नोकरी केली. तुझ्या कॉलेजात जेवढी माणसं असतील त्याहून जास्त मी जगात आणली, आणि त्यातल्या एकानेही मला प्रतिसादक म्हटलं नाही.

तरी उत्तरं देते, नाहीतर तुझा बाप म्हणेल आत्या आडमुठी झाली.

आपणास एकटेपणा जाणवतो का, असं विचारलंयस. रोज सकाळी धर्माजी माझ्या ओटीवर दोन तास बसतो, माझा चहा पितो आणि स्वतःच्या पोटाची हकीकत सांगतो. त्या वेळी एकटेपणाची फार आठवण येते.

आपली कामे आपण स्वतः करता का? मग कोण करणार, तुझा बाप? तुझी आजी मिठागरावर जायची म्हणून सुजित शाळेची सहा वर्षं माझ्याकडे होता. त्याचा डबा मी केला, त्याच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या. तेव्हा मला कुणी प्रश्नावली दिली नव्हती.

मृत्यूची भीती वाटते का? त्याच्याबरोबर मी काम केलंय. आमच्या डॉक्टरांपेक्षा वेळेवर यायचा.

फोन करू नकोस. गावात रेंज नसते. लोक खाडीच्या बांधावर उभे राहून ओरडतात, मला ते शोभत नाही. पत्रच लिही. तुझं शुद्धलेखन तरी सुधारेल, वृद्ध हा शब्द तू तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलायस. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांचं नाव तरी नीट लिहावं.

कृष्णाआत्या


उलवे,
२२ सप्टेंबर २०२४

आत्याआजी,

तुझी उत्तरं वर्गात वाचली, सगळे हसले. कल्पिता मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, उत्तरं तिरकस आहेत, प्रश्न टाळलेत, याच्यामागे काही आहे का बघ. म्हणून गणपतीला आले तेव्हा मी तुझी ती चाचणी घेतली.

आता रागावू नकोस, पण मला लिहायलाच हवं. ती स्मरणशक्तीची चाचणी होती. तीस गुणांची. तुला अकरा मिळाले.

आज वार कोणता विचारलं तर तू म्हणालीस, "मोदक झाकून ठेव." जिल्हा विचारला, तर "सुजित आणेल." तीन शब्द ऐकून परत म्हणायचे होते, तू नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. शंभरातून सात वजा कर म्हटलं तर उठून आत गेलीस. एक वाक्य लिही म्हटलं, ते मात्र लिहिलंस, 'परीक्षा घेणारी मुलगी दोनदा जांभई देते.' वाक्य बरोबर होतं म्हणून गुण दिला.

आणखी एक. तू पाठमोरी उभी होतीस आणि शेगडीवर दूध उतू जात होतं. मी दारातून तीनदा हाक मारली. तू हललीच नाहीस. पुस्तकात याची सगळी लक्षणं दिली आहेत, आणि त्यात असंही आहे की माणूस आधी विसरणं लपवतो, चिडतो, दुसऱ्याची टिंगल करतो. वाचताना मला तूच दिसलीस.

मॅडमनी माझा अहवाल वर्गात वाचून दाखवला. पप्पांनीही वाचला. त्यांनी एक झेरॉक्स काढून घेतलीय. काळजी करू नकोस, या अवस्थेत घरच्यांचा आधार महत्त्वाचा असतो.

हेमाली


रेवस,
१ ऑक्टोबर २०२४

हेमाली,

अकरा कसे मिळाले याचंच मला नवल वाटतं. मी तर शून्याची तयारी केली होती.

तुझी थट्टा करत होते मी. गणपतीच्या दिवशी, घरात वीस माणसांचं जेवण असताना, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला कोपऱ्यात बसवून वार विचारणाऱ्या मुलीला आणखी काय उत्तर द्यायचं? आणि दुधाचं म्हणशील तर दूध उतू जात असताना हाका मारत दारात उभी राहणारी मुलगी कोणत्या अवस्थेत आहे, ते तुझ्या पुस्तकात बघ. हात होते ना तुला?

झेरॉक्सची गंमत मात्र मला इथे कळली. परवा सुजित आला, सोबत कुलदीप नावाचा एक माणूस. मुंबईच्या लोकांना सुट्टीत राहायला घरं लावून देतो म्हणे. मांडव्याला बोटीतून उतरायचं आणि खेड्यातल्या घरात पाय पसरायचे. त्याने माझं अंगण पावलांनी मोजलं. विहिरीत डोकावला. माझ्याशी मात्र एक शब्द बोलला नाही, सगळं सुजितशी. तुझे आजोबा जाताना सांगून गेलेत की कृष्णा आहे तोवर घर तिचं. मी आहे. तुझ्या बापाला तुझ्या अहवालावरून वाटतंय की मी थोडी थोडी नाही.

एवढं त्याला वाचून दाखव. वाचून दाखवताना जांभई देऊ नकोस.

कृष्णाआत्या


उलवे,
१९ ऑक्टोबर २०२४

आत्याआजी,

पप्पांनी ठरवलंय. पेणच्या अलीकडे रस्त्याला लागून वृद्धांसाठी एक निवास आहे. नर्स असते, डॉक्टर येतात. डॉक्टरांनी माझा अहवाल बघून लगेच सही केली. थट्टा करत होते हे तुझं म्हणणं मी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "विसरणारी माणसं असंच बोलतात, तूच तर लिहिलंयस." ते मीच लिहिलंय, पान सातवर.

भात कापायचं धर्माजीकाका बघतील. पप्पा मंगळवारी गाडी घेऊन येतील. कृपा करून त्यांना लागेल असं बोलू नकोस. तुझ्या भल्यासाठीच आहे हे सगळं.

माझी परीक्षा आहे, मी येणार नाही.

हेमाली


१३ नोव्हेंबर २०२४

हेमाली,

पत्ता तुला ठाऊक आहे. पाकीट भाजीच्या टेंपोवाल्याकडे दिलंय, इथल्या ऑफिसातून पत्रं उघडून जातात.

तुझ्या अभ्यासाला उपयोगी पडेल असं बरंच आहे इथे. बेचाळीस म्हातारे आहेत. काम करणाऱ्या मुली आम्हाला 'बाळ' म्हणतात. "बाळ, जेवलं का? बाळ, शू केली का?" आमच्यातला एक बाळ निवृत्त तहसीलदार आहे. मंगळवारी टाळ्या वाजवायचा कार्यक्रम असतो. टाळ्या कशाबद्दल ते कुणी सांगत नाही. दिवाळीला कुठल्याशा मंडळाची माणसं आली, आमच्या हातात फराळ दिला, फोटो काढले, आणि दोन पुडे परत घेऊन गेली, कारण पुढे आणखी एक निवास होता.

सकाळी गोळ्या वाटणारी मुलगी वाटीवर नाव लिहीत नाही, खाटेचा आकडा लिहिते. माझ्या शेजारच्या सखुबाईंना खिडकी हवी होती, म्हणून त्यांनी खाट बदलली. त्यांना साखरेचा आजार नाही, पण त्या खाटेला आहे. तिसऱ्या दिवशी बाई घामाने ओल्या, हात थरथरतायत, डोळे फिरलेले. मुली म्हणाल्या, झोप येतेय बाळाला. मी उठले, स्वयंपाकघरातून मूठभर साखर आणली, पाण्यातून पाजली, आणि दहा मिनिटांत सखुबाई मला शिव्या द्यायला लागल्या. मॅनेजरने वहीत लिहिलं, वयोमानाने चक्कर.

मलाही संध्याकाळी एक गोळी मिळते. विसरभोळ्यांनी फिरू नये म्हणून देतात. तिला मी वीस वर्षं ओळखते. जिभेखाली धरते आणि मुलीची पाठ वळली की अंगणातल्या तुळशीत थुंकते. तुळस सध्या फार शांत आहे.

हे किती दिवस जमेल ठाऊक नाही. कालपासून त्या तोंड उघडायला लावून बघतात. म्हणून आता जे लिहिते ते एकदाच लिहीन.

मला ऐकू येत नाही.

डावा कान आठ वर्षांपूर्वी गेला. उजवा तीन वर्षांपासून जातोय. समोर बसून कुणी सावकाश बोललं तर ओठांवरून धकवते. गावात रेंज आहे, चांगली आहे. तू चाचणी घेतलीस तेव्हा ओटीवर ढोलकी चालली होती आणि तू खाली बघून कागदावरून वाचत होतीस. मला तुझा भांग दिसत होता. मी अंदाजाने उत्तरं दिली. दूध उतू गेलेलं वास आल्यावर कळलं. थट्टा करत होते असं लिहिलं ते खोटं. बहिरी म्हणण्यापेक्षा लोकांनी उद्धट म्हटलेलं बरं, असं मला वाटत होतं.

चौतीस वर्षं मी बायकांवर डाफरले, दुखणं लपवू नका म्हणून. पण बहिऱ्याचं काय होतं ते मी घरात बघितलंय. लोक आधी त्याच्याशी मोठ्याने बोलतात, मग कमी बोलतात, मग त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलतात. माझ्या आईचं तसं झालं, आणि बोलणाऱ्यांत मीही होते.

तू मूर्ख आहेस, पण तुझ्या मूर्खपणाला मी मदत केली. आता काय करायचं ते कर. गोळीचं आधी बघ.

कृष्णा


उलवे,
१६ नोव्हेंबर २०२४

आत्याआजी,

आम्ही उद्या, रविवारी, येतोय. पत्र पोचायच्या आधी मीच पोचेन, तरी लिहितेय, कारण हे मला तोंडाने सांगता येणार नाही.

तुझं पत्र घेऊन मी आधी कल्पिता मॅडमकडे गेले. त्यांनी एकच विचारलं, "चाचणीआधी कान तपासले होतेस?" सूचनांच्या कागदावर ती पहिली ओळ आहे. व्यक्तीला नीट ऐकू येते आणि दिसते याची खात्री करावी. मी ती ओळ वाचली होती. अहवालात चांगल्या अक्षरात उतरवूनही काढली होती. खात्री केली नव्हती. मॅडमनी तो कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "मीही वर्गात वाचून दाखवला, मीही विचारलं नाही. पण सही तुझी आहे." त्यांनी निवासाच्या डॉक्टरांना फोन लावला आणि तुझी गोळी बंद करायला सांगितली.

मग पप्पांना पत्र दिलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं. म्हणाले, "कागद तर तूच दिलास." ते खरं आहे. मी म्हटलं, "पप्पा, सहा वर्षं तुम्ही तिच्याकडे राहिलात. ती तुमचं ऐकत नाही की तिला ऐकू येत नाही, हे तुम्हाला कळलं नाही?" ते म्हणाले, "फोनवर हां-हां करायची. मला वाटलं रागावलीय." आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

आणखी एक वाईट गोष्ट. कुलदीपने काम सुरू केलंय. मधल्या खोलीच्या भिंतीला एसीसाठी भोक पाडलंय. मी पप्पांसमोर त्याला फोन केला आणि काम थांबवायला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, आजी तर परत येणार नाहीत ना?" मी पप्पांकडे फोन दिला. त्यांनी सांगितलं, "येणार आहे."

मी माफी मागत नाही. तू तिची टिंगल करशील आणि ते बरोबरच असेल.

हेमाली


उलवे,
२० डिसेंबर २०२४

आत्याआजी,

प्रकल्प परत लिहून दिला. पहिला अहवाल जसाच्या तसा ठेवला आणि पुढे काय झालं ते जोडलं. तुझं नाव घातलं नाही. पन्नासपैकी एकवीस मिळाले. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या भागाला चाळीस दिले असते, पण पहिला भाग वजा करावा लागला. पुढच्या सेमिस्टरला मानसशास्त्रात जागा रिकामी झालीय. मी अजून अर्ज केलेला नाही.

सखुबाईंच्या मुलीला फोन करून गोळ्यांचं सांगितलं. ती त्यांना घेऊन गेली.

पप्पा तुझ्याविषयी काही बोलत नाहीत. पुढच्या रविवारी एकटेच करंजाहून लाँचने तुझ्याकडे रेवसला येणार आहेत, भिंतीचं भोक बुजवायला. मी येऊ का विचारलं तर नको म्हणाले. कानाचं यंत्र लावतेस ना?

हेमाली


रेवस,
१ जानेवारी २०२५

चि. हेमाली,

एकवीस ठीक आहेत. तीस मिळाले असते तर मी तुझ्या मॅडमना पत्र लिहिणार होते.

तुम्ही मला निवासातून न्यायला आलात त्या रविवारचं तू प्रकल्पात काय लिहिलंस ते तुला ठाऊक. मी काय बघितलं ते सांगते. मॅनेजरच्या टेबलावर तू प्रश्न लिहून माझ्यापुढे सरकवत होतीस आणि मी उत्तरं लिहीत होते. डॉक्टर तुझ्या खांद्यावरून वाचत होता आणि त्याची मान हळूहळू लाल होत होती. तीसपैकी एकोणतीस. एक गुण तारखेचा गेला, कारण तिथल्या तारखेच्या कॅलेंडरचं पान दोन दिवस कुणी फाडलं नव्हतं आणि मी त्यावर विश्वास ठेवला. म्हातारपणी असं होतं, लिहून ठेव. तुझा बाप सगळा वेळ दाराबाहेर चपला घालून उभा होता. मी बाहेर आले तर माझी पिशवी उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

यंत्र लावते. पहिले चार दिवस सगळ्या गावाचं ऐकलं. तीन वर्षांत माझं काही बुडालेलं नाही. धर्माजी विचारतो, "बाय, आता आयकू येतं ना तुला? मग आयक, काल रात्री पोटात काय झालं." मी यंत्र काढून ठेवते. डोक्यावरून पदर घेतला की लावलंय का काढलंय ते कुणाला कळत नाही. तेवढी सोय मी ठेवली आहे.

सुजित आला होता. भोक बुजवलं. गवंडीकाम त्याला येत नाही, भिंतीवर गळू उठल्यासारखं दिसतंय, पण मी काही बोलले नाही. दुपारी जेवून ओटीच्या पायरीवर बसला, माझ्याकडे पाठ करून, समोर वालाच्या वाफ्याकडे बघत. मी आत सुपात तांदूळ निवडत होते. त्याला वाटलं यंत्र काढलेलं आहे.

तो बोलायला लागला. मोठ्याने नाही, नेहमीच्याच आवाजात. म्हणाला, "आत्या, हेमालीचा कागद वाचून मला बरं वाटलं होतं. खरं सांगतो. तू विसरायला लागलीस याचं वाईट वाटायला पाहिजे होतं, तर मला बरं वाटलं. म्हटलं, आता मला ठरवायला नको, कागदानेच ठरवलं. तुला गाडीत बसवलं तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं नाही. आरशात बघितलं. तू घराकडे बघत होतीस." मग म्हणाला, "माझं चुकलं गं आत्या."

बावन्न वर्षांचा माणूस. न्हावा शेवाला चाळीस ट्रेलर हाकतो, ड्रायव्हरांना फोनवरून आईबहिणीवरून बोलतो. आणि माफी मागायला त्याला बहिरं माणूस लागतं, तेही पाठीमागे बसलेलं.

मी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "काय म्हणालास रे?"

तो वळला. माझ्या कानाकडे बघितलं, पदर होता. म्हणाला, "वालाला शेंगा चांगल्या धरल्यात म्हटलं."

"हो," मी म्हटलं, "यंदा बऱ्या आहेत."

लाँच सुटायच्या आधी मी त्याला पिशवीभर शेंगा काढून दिल्या. आता तुमच्या घरी आल्या असतील. आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसून सोल, आणि त्याला काही विचारू नकोस.

कृष्णाआत्या